धागा: एम४ टाकलं पण चालतच नाहीये (४० पानांचे फोन नंबर बदलायचेत, मदत करा)

रामबागी
मंडळी, मी कोडवाला नाही, अकाउंट्समध्ये आहे, पण आमच्या रामबागेतल्या वाचनालयाची वेबसाईट माझ्या गळ्यात पडलीये. हाताने लिहिलेली साधी एचटीएमएल पानं, मोजून ४०. मागच्या महिन्यात वाचनालयाचा फोन बदलला आणि मी दोन रात्री बसून सगळ्या पानांच्या तळाशी तो बदलला, तरी तीन पानांवर जुनाच राहिला आणि एक आजोबा त्या जुन्या नंबरवर फोन करून कुणा भलत्याच माणसाशी अर्धा तास दिवाळी अंकांवर बोलले. आता गणपतीच्या आधी वेळापण बदलणार आहेत. ऑफिसातला एक जण म्हणाला एम४ वापर, टर्मिनलमधला मजकूर बदलून देणारा प्रोग्रॅम आहे, एकदा लिही, सगळीकडे बदलेल. उबुंटूवर टाकलं, टर्मिनलमध्ये एम४ लिहून एंटर मारलं तर काही म्हणजे काहीच नाही, कर्सर नुसता लुकलुक करून राहिलाय. दहा मिनिटं बघितलं. लॅपटॉप जुना आहे म्हणून हँग झालं का?

पलासिया२१
भाऊ २ मिनिटांचं काम आहे, एडिटरमध्ये सगळ्या फायलींत एकदम फाईंड-रिप्लेस करा आणि झोपा. एम४ कशाला काढलंय बाहेर, म्युझियममध्ये असतं ते.

जुना_टर्मिनल
रामबागी, हँग वगैरे काही नाही, ते तुमची वाट बघतंय. एम४ला फाईल दिली नाही तर ते कीबोर्डवरून वाचतं. काहीही ओळ टाका, एंटर मारा, तीच ओळ परत येईल. कंट्रोल-डी दाबलं की बाहेर. आमच्या वेळी नवीन पोरं हमखास इथेच अडकायची, एकाने तर मशीनची पॉवर बंद केली होती.

आधी नीट बसलंय का ते बघा. एम४ --व्हर्जन. तिथे जीएनयू एम४ १.४ पुढे काहीतरी आलं की काम झालं. नसेल तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल एम४. पुष्कळदा ते आधीच असतं, कारण बायसन किंवा ऑटोकॉन्फ ही प्रोग्रॅमवाल्यांची साधनं टाकली की त्यांच्यामागून येतं.

आता उपयोग. site.एम४ म्हणा, छे, इथे रोमन टाकलं की पोस्ट तपासणीत अडकते, म्हणून सगळं देवनागरीत लिहितो, तुम्ही टर्मिनलवर रोमन टाका, आकडेसुद्धा. सायट.एम४ नावाची फाईल करा, त्यात एक ओळ:

डिफाईन(`फोन', `नवा नंबर इथे')डीएनएल

पानात जिथे नंबर हवा तिथे फोन एवढंच लिहा. मग

एम४ सायट.एम४ संपर्क.एम४ > संपर्क.एचटीएमएल

पहिलं चिन्ह बॅकटिक आहे, कीबोर्डवर एकच्या डावीकडचं, शेवटचं साधं ॲपॉस्ट्रॉफी. दोन्ही सारखी नाहीत, इथे डोळ्यांना फसू नका. आणि डिफाईन व कंस यांच्यात जागा सोडायची नाही. जागा सोडली तर एम४ त्याला मॅक्रो (म्हणजे ज्याच्या जागी दुसरा मजकूर बसवायचा असं नाव) मानतच नाही, डिफाईन हा शब्द जसाच्या तसा पानावर छापतं.

डीएनएल म्हणजे इथून ओळ संपेपर्यंतचं सगळं गिळ, एंटरसकट. नाही लिहिलं तर प्रत्येक डिफाईनमागे एक रिकामी ओळ पानाच्या डोक्यावर साचत जाते.

पलासिया२१
काका रिस्पेक्ट, पण २०० ओळींच्या साईटला हे कोणी वापरतं का आता? साईट बनवायला ह्यूगो आहे, टेम्प्लेटला जिंजा आहे.

जुना_टर्मिनल
वापरतं. तू स्वतः वापरतोस. लिनक्सवर सोर्समधून काही बांधताना ./कॉन्फिगर चालवतोस ना, ती कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोकॉन्फने केलेली असते आणि ऑटोकॉन्फ आतून एम४वर चालतं. बायसनचं तेच. एम४ लिहिलं ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांनी, १९७७ साली. रिचीने त्याआधी एम३ केलं होतं, म्हणून हे एम४. मी स्वतः सेंडमेल या मेल सर्व्हरची कॉन्फिग फाईल एम४ने काढत वर्षं काढलीयेत. सेंडमेलची मूळ सीएफ फाईल तू बघितलीस तर मांजर कीबोर्डवरून गेली असं वाटेल, त्यामुळे आम्ही दहा ओळींची एमसी फाईल लिहायचो आणि एम४ तिच्यातून ती मोठी काढून द्यायचं.

आणि यांना ह्यूगो शिकायचं नाहीये, यांना फोन नंबर बदलायचाय.

रामबागी
काका केलं तुम्ही सांगितलं तसं! डिफाईन रोमनमध्ये, बॅकटिक नीट, जागा नाही सोडली. एरर पण काही नाही. पण पानावर फोन हा शब्दच दिसतोय, नंबर येतच नाहीये. तीनदा केलं. घरचे म्हणतात जेवायला ये, भरीत थंड होतंय.

चिवडा_शेव
रामबागी, फोन हे नावसुद्धा देवनागरीत टाईप केलंत का?

रामबागी
हो, काकांनी तसंच लिहिलं होतं ना. फक्त कमांड रोमन करायची असं समजलो मी.

जुना_टर्मिनल
माझी चूक. नावही रोमनच हवं.

चिवडा_शेव
काका चूक नाही, गंमत आहे यात, कारण एम४ने एररही दिली नाही. मी इथे एका भाषांतर कंपनीत आहे, मराठी मॅन्युअलं काढताना याच खड्ड्यात मीही पडले होते. एम४च्या लेखी शब्द म्हणजे रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, सुरुवात आकड्याने नको. बाकी सगळं त्याला नुसते बाईट. देवनागरी नावाने डिफाईन केलं तर ते मुकाट्याने साठवतं, पण मजकुरात तेच नाव आलं की ओळखत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तिथे शब्दच नाही. बघायचं असेल तर इनडिर(`फोन') लिहा, नाव देवनागरीतच ठेवून. येईल नंबर. इनडिर हे अशाच आडनावाच्या मॅक्रोंना हाक मारायला आहे.

रामबागी
आला!! इनडिरने आला. पण प्रत्येक ठिकाणी इनडिर लिहीत बसणार नाही, रोमन कॅपिटलमध्ये नाव ठेवलं, आता सरळ येतंय.

चिवडा_शेव
कॅपिटल बेस्ट. मराठी पानात रोमन कॅपिटल कुठे चुकून येत नाही, त्यामुळे मॅक्रो लगेच दिसतात.

आणि आता जी गोष्ट दोष वाटली तीच आपल्याला कशी पावते बघा. समजा गावाच्या नावाचा मॅक्रो केला, रोमन कॅपिटलमध्ये जी-ए-व्ही, किंमत इंदूर. आता पानात जीएव्हीला असं लिहा, जीएव्ही रोमन आणि ला देवनागरी, मध्ये जागा नाही. उत्तर येतं इंदूरला. जीएव्हीचा, जीएव्हीहून, सगळं चालतं. रोमन लिपीतल्या भाषेत हे करता येत नाही, कारण प्रत्यय चिकटला की एम४ला तो एक अख्खा नवा शब्द वाटतो, तिथे मध्ये रिकामं कोट घालावं लागतं. आपला प्रत्यय देवनागरी, त्याच्या लेखी शब्द जीएव्हीवरच संपला. विभक्ती फुकट.

फक्त सामान्यरूप ते करून देणार नाही. वाचनालय नावाचा मॅक्रो केलात आणि पुढे ला लावलं तर वाचनालयला येईल, जे आमच्या आजीने ऐकलं असतं तर. त्यासाठी दोन मॅक्रो ठेवा, एक सरळ आणि एक वाचनालया पर्यंतचा. मी सामान्यरूपाच्या नावामागे अंडरस्कोर एस लावते.

वडोदरेकर
ताई हे भारी आहे. मी बडोद्याहून, दांडिया बाजार. मॅकवर हेच करून बघितलं, चाललं, पण व्हर्जन १.४.६ दाखवतंय, २००६ सालचं. ब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम टाकायचं साधन) नवीन टाकलं तरी तेच दाखवतं. हे काय?

जुना_टर्मिनल
मॅकसोबत जुनंच येतं. ब्रू नवीन टाकतं खरं पण ते बाजूला ठेवतं, पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, आणत नाही, सिस्टिमच्या एम४शी भांडण नको म्हणून. पाथमध्ये त्याचं बिन फोल्डर पुढे घाला. तरी जुनंच दिसलं तर हॅश -आर चालवा किंवा टर्मिनल नवीन उघडा, शेलने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. तुमच्या कामाला मात्र १.४.६ पण पुरेल.

विजयनगर_नाईटशिफ्ट
मध्येच घुसतोय. ऑफिसच्या सर्व्हरवर मला रूट (ॲडमिनचे हक्क) नाही म्हणून सोर्समधून टाकायला गेलो. कुठल्यातरी जुन्या ब्लॉगवरून १.४.१८ची टार उतरवली, कॉन्फिगर झालं, मेक मारलं की मरतं, फ्रीडअहेड.सी मध्ये, म्हणे प्लीज पोर्ट टु युवर प्लॅटफॉर्म. मी काय पोर्ट करू, मी टेस्टिंगमध्ये आहे.

जुना_टर्मिनल
हा प्रसिद्ध आजार आहे. १.४.१८ निघालं २०१६च्या ३१ डिसेंबरला. त्यानंतर २०१८मध्ये जीलिबसी, म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, तिचं २.२८ आलं आणि त्यात स्टँडर्ड आयओच्या आतली काही नावं बदलली. एम४च्या पोटातला कोड त्या जुन्या नावांवर बसलेला होता, म्हणून तो हात वर करतो. पॅच शोधत बसू नका, १.४.१९ घ्या किंवा त्याच्या नंतरचं, २०२१पासून हे सुटलंय. जीएनयूच्या एफटीपीवरूनच घ्या. मग

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/.लोकल
मेक
मेक चेक
मेक इन्स्टॉल

रूट लागत नाही. फक्त .लोकल/बिन पाथमध्ये आहे ना ते बघा. मेक चेक गाळू नका, चहा होईपर्यंत होतं.

विजयनगर_नाईटशिफ्ट
झालं काका. एकच चाचणी वगळली म्हणतंय, बाकी सगळ्या पास.

रामबागी
मी परत. ४० पैकी ३७ पानं सुंदर झाली, वरची पट्टी आणि खालची पट्टी इन्क्लूडने आणली, रडायला आलं मला. पण एक संकट आणि तीन पानं.

संकट म्हणजे घाईत एम४ सायट.एम४ मुख्य.एचटीएमएल > मुख्य.एचटीएमएल केलं. मुख्य पान शून्य बाईट.

पलासिया२१
अरे भिया 😭

जुना_टर्मिनल
शेल आधी बाणाच्या उजवीकडची फाईल रिकामी करतं आणि मग एम४ला उठवतं. एम४ला वाचायला काही उरतच नाही. म्हणून मूळ फायली .एम४ नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि बाहेर पडलेल्या एचटीएमएलला हात लावायचा नाही. बॅकअप?

रामबागी
होस्टिंगवर जुनं होतं, उतरवून घेतलं. आता ती तीन पानं. एकात फोनच्या जागी नंबर येत नाही, पण फक्त त्या एकाच ओळीत, बाकी पानावर नीट. दुसऱ्यात रंग. मी ठरवलं रंगही मॅक्रोतून द्यावा, गणपतीत भगवा, एरवी निळा. स्टाईलमध्ये कलर: #रंग लिहिलं (रंग रोमन कॅपिटलमध्ये, आता शहाणा झालोय), तो तसाच छापला जातो. तिसऱ्यात पानाच्या तळाशी साल दाखवणारी छोटी जावास्क्रिप्ट आहे, कुणी लिहिली देव जाणे, ती बंद पडली.

चिवडा_शेव
पहिल्या पानातली ती ओळ बघू. त्यात फोनच्या आधी कुठे # आहे का?

रामबागी
आहे! "वर जा" ची लिंक आहे, एचरेफ मध्ये #वर. त्याच ओळीत पुढे फोन.

चिवडा_शेव
मग पहिली दोन दुखणी एकच. एम४मध्ये # पासून ओळ संपेपर्यंत कॉमेंट. ती कॉमेंट ते पुसत नाही, जशीच्या तशी बाहेर टाकतं, पण आतले मॅक्रो उघडत नाही. म्हणून तुमच्या लिंकपुढचा फोन आणि #च्या पुढचा रंग दोघेही झोपलेले. सायट.एम४ मध्ये वर चेंजकॉम एवढंच लिहा, कंस नाही, काही नाही, पुढे डीएनएल. कॉमेंटची भानगडच बंद.

रामबागी
दोन्ही झाली. भगवा आला.

जुना_टर्मिनल
स्क्रिप्टची ती ओळ लिहा, शब्दशः.

रामबागी
व्हार साल = त.सबस्ट्र(०,४);
आणि बाहेर पडलेल्या फाईलमध्ये
व्हार साल = त.;

सबस्ट्र आणि कंस, सगळंच गायब. कुणी खाल्लं?

जुना_टर्मिनल
एम४ने खाल्लं, आणि त्याच्या हिशोबाने बरोबर खाल्लं. सबस्ट्र हा त्याचा स्वतःचाही मॅक्रो आहे. टिंब त्याच्या लेखी शब्दाचा भाग नाही, म्हणून टिंबानंतर त्याला दिसलं सबस्ट्र(०,४), म्हणजे "०" या एका अक्षराच्या मजकुरातून चौथ्या जागेपासून पुढचं द्या. तिथे काही नाही, म्हणून त्याने काही दिलं नाही. इव्हॅल, इंडेक्स, फॉरमॅट, लेन, यांच्यापुढे कंस आला की हेच होणार.

उपाय एकच, एम४ -पी, पी कॅपिटल. मग त्याच्या सगळ्या अंगच्या मॅक्रोंना पुढे एम४_ लागतं. डिफाईनचं एम४_डिफाईन, डीएनएलचं एम४_डीएनएल, चेंजकॉमचं एम४_चेंजकॉम. तुमचे स्वतःचे मॅक्रो जसे आहेत तसेच राहतात. सायट.एम४ एकदा बदलावी लागेल, पण नंतर स्क्रिप्टशी भांडण संपलं. ऑटोकॉन्फवालेही आपल्या मॅक्रोंना असंच एम४_ लावून ठेवतात.

पलासिया२१
आणि जावास्क्रिप्टमध्ये बॅकटिकवाली स्ट्रिंग असली तर? मी आज लपून ट्राय केलं, एंड ऑफ फाईल इन स्ट्रिंग म्हणून ओरडलं.

जुना_टर्मिनल
लपून का होईना 🙂. तुझा पहिला बॅकटिक त्याने कोट उघडणं म्हणून घेतला. दुसरा बॅकटिक म्हणजे आत आणखी एक कोट उघडला. बंद करणारं ॲपॉस्ट्रॉफी आलंच नाही, फाईल संपली. म्हणून कोट बदल: एम४_चेंजकोट([[,]]). दुहेरी चौकोनी कंस घे, एकेरी नको. एकेरी घेतलास तर अ[०] चं अ० होईल, कारण कोट एम४ काढून टाकतं, आणि तो बग शोधायला तुला आठवडा लागेल.

पलासिया२१
ओके मान गए. फाईंड-रिप्लेसवाली कमेंट मागे घेतो, ह्यूगोवाली नाही.

वडोदरेकर
काका, मराठी आकडे कसे आणायचे? ट्रान्सलिट ने ०-९ च्या जागी देवनागरी दिले तर ब्राउझरमध्ये काळ्या चौकटीत प्रश्नचिन्हं आली.

चिवडा_शेव
ट्रान्सलिट एका बाईटच्या जागी एक बाईट ठेवतं आणि यूटीएफ-८मध्ये आपलं एकेक अक्षर ३ बाईटचं. म्हणून एका आकड्याच्या जागी अक्षराचा तिसरा हिस्सा जातो. लेन(`इंदूर') करून बघा, १५ येतं: इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र, पाच त्रिक पंधरा. मजकूर नुसता इकडून तिकडे न्यायचा असेल तर काही बिघडत नाही, एम४ बाईट जसेच्या तसे सोडतं. कापाकापी आली की बिघडतं.

आकड्यांसाठी पॅटसबस्ट वापरा, ते बाईटच बघतं पण एका आकड्याच्या जागी हवा तेवढा मजकूर बसवतं. दहा आकड्यांसाठी दहा पॅटसबस्ट एकात एक, दिसायला भयाण, पण एकदा मॅक्रो केला की विसरा. नाहीतर शेवटी सेड कमांडच्या वायमधून (अक्षराला अक्षर बदलतं) काढा, पण मग पानावरचे सगळेच आकडे मराठी होतील, चित्रांच्या रुंदीसकट. आमच्याकडे एकदा असंच झालं आणि सगळी चित्रं हवी तेवढी मोठी होऊन बसली.

रामबागी
४० ची ४० झाली!! -पी लावलं, [[ ]] केलं, साल परत आलं. रोज ४० कमांड नको म्हणून पलासिया२१ भाऊंनी मला मेकफाईल करून दिली (खाजगीत, इथे सांगू नको म्हणाले होते 😄). आता मेक लिहिलं की जेवढी .एम४ पानं बदलली तेवढीच परत निघतात.

एक शंका उरली. पत्ता मॅक्रोला दिला, कार्ड(वाचनालय, रामबाग, इंदूर), आणि पानावर पत्त्याच्या जागी फक्त रामबाग आलं. इंदूर गेलं कुठे?

जुना_टर्मिनल
स्वल्पविराम. एम४ने तुमची तीन आर्ग्युमेंट मोजली. कार्डमध्ये तुम्ही $१ आणि $२ च वापरलंय, इंदूर $३ मध्ये बसून आहे. पत्ता कोटात घाला: कार्ड(वाचनालय, [[रामबाग, इंदूर]]). मराठी वाक्य मॅक्रोला द्यायचं म्हणजे ते कोटातच द्यायचं, सवय लावून घ्या, आपण स्वल्पविराम फार टाकतो.

पलासिया२१
आणि मेकफाईलमध्ये सायट.एम४ वर पण डिपेंडन्सी टाका भाऊ, मी विसरलो होतो. नाहीतर फोन बदलला तरी मेक म्हणेल सगळं ताजं आहे, आणि आजोबा परत त्याच माणसाशी बोलत बसतील.

रामबागी
टाकली. फोन मुद्दाम एकदा चुकीचा करून बघितला, ४० पानं निघाली, परत बरोबर केला, परत ४०. आजोबांना नवीन नंबर मोठ्या अक्षरात छापून पण दिलाय, ते म्हणाले जुन्या नंबरवरचे गृहस्थ चांगले होते, त्यांना वाचनालयाचं सभासद करून घ्या.